न्यायमंदिर की फत्तेसिंग म्युझियम? आत्याला एकच सकाळ होती

पुण्याहून आत्या बडोद्याला आली, दुपारची गाडी, म्हणजे हातात एकच सकाळ. मला न्यायमंदिर, म्हणजे जुन्या कोर्टाची इमारत, दाखवायचं होतं आणि तिला रविवर्मा बघायचा होता. शेवटी तिचंच ऐकलं आणि बरं झालं.

महाराजा फत्तेसिंग म्युझियम लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातच आहे, पण राजवाड्याचं तिकीट वेगळं, त्यात गोंधळू नका. इमारत पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती, आता तिथे रविवर्म्याची ओरिजिनल चित्रं. सयाजीरावांनी नव्या राजवाड्यासाठी त्याच्याकडून 14 पौराणिक चित्रं करून घेतली होती ना, ती भानगड इथलीच. शंतनू-मत्स्यगंधेपुढे आम्ही किती वेळ उभ्या होतो काय माहीत. लांबून जरीचा काठ असा चमकतो की वाटतं खरी जर लावलीये, आणि जवळ गेलं की नुसते पिवळ्या रंगाचे चार फटकारे! परत दोन पावलं मागे आलं की परत जर. आत्या तीनदा पुढे-मागे करून आली, तिथला माणूस बघून हसायला लागला. विश्वामित्र-मेनकेपाशी म्हणाली, "अगं, हे तर आमच्या आजोळी ओटीवर होतं, आजीने नंतर कपाटामागे सरकवलं." ते अर्थातच छापील, पण छापील बघून मोठी झालेली माणसं इथे येऊन गप्पच होतात. शिल्पकार फेलिचीचे पुतळेही आहेत, ते आम्ही भराभर उरकले. वार्निशवर दिव्यांची चकाकी येते, थोडं तिरकं उभं राहून बघा. फोटो काढू देत नाहीत, सोमवारी बंद.

आता न्यायमंदिर. 1896 ची इमारत, राजवाडा पूर्ण करणाऱ्या आर्किटेक्ट चिझमचंच काम, घुमट, कमानी, आणि मूळ बेत म्हणे भाजीमार्केटचा होता! पूर्ण नाव चिमणाबाई न्यायमंदिर, सयाजीरावांच्या पहिल्या महाराणींवरून. मी लहानपणी बाबांबरोबर आत गेलेय, घराच्या केसची तारीख होती, बाबा फाईल धरून बाकावर आणि मी मधल्या हॉलमध्ये मान वर करून मोझेक बघत फिरतेय. तारीख पडली पुढची, मला काय, मला तर अजून एकदा यायला मिळणार होतं. म्हणून माझं मन तिकडेच ओढतं, पण 2018 मध्ये कोर्ट नव्या बिल्डिंगमध्ये गेलं आणि आता ते बाहेरूनच बघायचं. पाहुण्याची एकुलती एक सकाळ बाहेरून बघण्यात कशाला घालवायची? आत्याला मी ते रिक्षातून दाखवलं, सूरसागर तलावाच्या बाजूने, आणि रिक्षावाले काका इतके हॉर्न मारत होते की मोझेकची गोष्ट मला ओरडून सांगावी लागली.

तुमच्याकडे संध्याकाळ असेल तर मात्र तिथे पायीच जा, सूरसागरला एक चक्कर मारा आणि मग घुमटांकडे बघा, उन्हं कलली की दगड मस्त दिसतो.

हां, म्युझियममधून निघाल्यावर कीर्तिस्तंभाकडे सेवउसळ खाल्ली. आत्या म्हणाली मिसळच आहे की ही. मी काही बोलले नाही, पाहुणी आहे.