काटा खरंच खाली आला होता

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन पोरं टेबल मांडून बसली. गळ्यात ओळखपत्रं. टेबलावर प्लायवूडचा बोर्ड, त्यावर जुन्या तांब्याच्या चोकवाली चार फुटी ट्यूब आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसला काट्याचा मीटर. ट्यूब पेटली, काटा ०.४३ अँपिअरवर. मग साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी एकानं सॉकेटमध्ये खोचली. काटा सर्रकन ०.२३ वर. "बघा काकू, निम्मी वीज वाचली! तुमच्या घरचा पॉवर फॅक्टर खराब आहे."

पॉवर फॅक्टर म्हणजे काय, हे विचारायची मला लाज वाटली. तिथंच फसले. डबी १,८०० रुपयांची, वर 'हाय पॉवर फॅक्टर'वाले सहा एलईडी बल्ब १,५०० चे. पक्कं बिल मागितलं नाही.

जुलैत बिल उतरलं. मी कौतुकानं चार जणींना सांगितलं, त्यातल्या दोघींनी त्याच पोरांना फोन लावून डब्या घेतल्या. पाऊस लागला, कूलर माळ्यावर गेला, म्हणून बिल उतरलं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. (ही मंडळी मे महिन्यातच का उगवतात, ते आता कळतं.)

दिवाळीत भाचा आला. आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय. डबी बघून हसला. "आत्या, काटा खोटा नव्हता. पण तो अँपिअर दाखवत होता, आणि आपलं बिल येतं युनिटवर."

मग त्यानं कागदावर मांडून दाखवलं. २३० व्होल्ट गुणिले ०.४३ अँपिअर म्हणजे साधारण ९९ व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर. त्यातले खरोखर खर्च होतात ५० वॅट: ४० ट्यूबचे, १० चोकचे. ५० भागिले ९९, म्हणजे ०.५. हाच पॉवर फॅक्टर. उरलेला करंट चोक घेतो आणि लगेच लाइनला परत करतो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि तशीच परत द्यायची. वाण्याच्या वहीत काही चढत नाही. डबीतला कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, ही देवघेव घरातल्या घरात करतो, म्हणून काटा उतरतो. पण ट्यूब ५० वॅट खातच राहते, आणि घरगुती मीटर तेवढेच मोजतो.

माझा तरी विश्वास बसेना. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट लिहिलंय. तो लाल दिवा लुकलुकतो, ते हे इम्पल्स. फ्रिजसकट सगळं बंद केलं, स्वयंपाकघर आणि हॉलमधल्या दोन जुन्या ट्यूब तेवढ्या चालू ठेवल्या. मीटरसमोर स्टूल टाकून दहा मिनिटं मोजलं: ५३. डबी लावून पुन्हा दहा मिनिटं: ५३. मग त्यानं डबी उघडली. आत पंख्यात असतो तसला ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि हिरवा दिवा. असा कपॅसिटर इलेक्ट्रिकच्या दुकानात शंभराच्या आत मिळतो.

बल्बांचंही तेच. ९ वॅटच्या बल्बचा पॉवर फॅक्टर ०.५ असो की ०.९, मीटर ९ वॅटच धरतो. रोज पाच तास लावला तर महिन्याला १.३५ युनिट. शिवाय एलईडीचा पॉवर फॅक्टर बिघडतो तो वेगळ्या कारणानं. त्याच्या आतलं सर्किट करंट एकसारखा न घेता घोटाघोटानं घेतं, त्यावर बाहेरची डबी काही करू शकत नाही. ०.९ चा बल्ब चांगलाच, नाही असं नाही. वायरीतून आणि डीपीतून करंट कमी वाहतो, घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरही ताण कमी, कारण इन्व्हर्टर व्हीएमध्ये मोजतात: ०.५ चा बल्ब १८ व्हीए मागतो, ०.९ चा १०. पण बिलासाठी बघायचं ते खोक्यावरचे ल्युमेन (उजेडाचं माप) आणि वॅट. इलेक्ट्रिकच्या दुकानात नेहमीचा ९ वॅटचा बल्ब शंभराला मिळाला, आणि उजेडात मला तरी फरक दिसला नाही.

पोरांचा नंबर लागत नाही. त्या दोघींना मी स्वतः जाऊन सांगितलं. एकीनं डबी काढून टाकली. दुसरी म्हणाली, "अगं, पण काटा खाली आला होता ना?" तिच्या हॉलमध्ये तो हिरवा दिवा अजून चालू आहे.