स्टॉकमधली गाडी आज घ्यायची, की नवं मॉडेल येईपर्यंत थांबायचं? सांगलीतल्या ग्राहकांसाठी तुलनात्मक आढावा

उसाचं पहिलं बिल खात्यावर जमा होतं, कोल्ड स्टोअरेजमधला राहिलेला बेदाणा तासगावच्या सौद्यात जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत सांगली, मिरज, विटा, ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) घरांत गाडीचा विषय निघतो. शोरूमवाला सांगतो, ३१ डिसेंबरपर्यंतच ऑफर आहे. घरातला मुलगा मोबाइल पुढे करून म्हणतो, चार महिन्यांत नवीन मॉडेल येतंय, थांबा. कंपनीला विचारावं, तर ती ना हो म्हणते ना नाही.

या गप्प बसण्यामागे कारणं आहेत, आणि ती कळली की निर्णय बराच सोपा होतो. म्हणून आधी ती पाहू.

कंपनी तारीख का सांगत नाही

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधीच उभा असलेला माल. नवीन गाडी अमुक महिन्यात येणार असं आज जाहीर झालं, तर जुनी गाडी उद्यापासून कोण घेणार? शोरूमच्या यार्डातली गाडी कंपनीची नसते. विक्रेत्याने कंपनीचे पैसे बहुतेक वेळा बँकेच्या कर्जातून चुकते केलेले असतात आणि गाडी उभी आहे तोवर त्याचं व्याज चालू असतं. २०२४ च्या दसरा-दिवाळीच्या तोंडावर देशभरातल्या विक्रेत्यांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल एवढ्या गाड्या तुंबल्याचं त्यांच्याच ‘फाडा’ या संघटनेने सांगितलं होतं. असा माल अंगावर असताना कुठलीही कंपनी नव्या मॉडेलचा गाजावाजा करणार नाही. आधी सूट देऊन यार्ड रिकामं करेल, मग तोंड उघडेल.

घोषणा आणि विक्री यांत अंतर पडलं की काय होतं, हे आपण २०२५ मध्ये पाहिलं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीचं सूतोवाच झालं, ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले आणि ते लागू झाले २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेला. चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर येणार हे कळल्यावर मधल्या पाच आठवड्यांत ग्राहकाने हात आखडता घेतला. त्यात गणपती आले आणि पितृपंधरवडाही. गाड्या त्याच होत्या, बदलणार होती ती फक्त किंमत. तरीही बाजार थांबला. मग अख्खी गाडीच बदलणार असेल तर काय होईल, याचा कंपन्यांना पक्का अंदाज असतो.

ही भीती जुनीच आहे. फोर्डने २६ मे १९२७ रोजी ‘मॉडेल टी’चं उत्पादन थांबवलं, पण तिची जागा घेणारी ‘मॉडेल ए’ लोकांसमोर आली ती २ डिसेंबरला. मधले सहा महिने विकायला नवीन गाडीच नव्हती. त्या वर्षी शेवरोलेने विक्रीत फोर्डला मागे टाकलं. जुनी बंद करणं आणि नवीन आणणं यांत फट पडू द्यायची नाही, हा धडा वाहन उद्योग तेव्हापासून गिरवतो आहे.

दुसरं कारण सरकारी नियमांचं. प्रदूषणाचे आणि सुरक्षिततेचे नियम बहुधा १ एप्रिल किंवा १ ऑक्टोबर धरून लागू होतात. बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा निकष आला १ एप्रिल २०२० ला, त्याचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ ला. त्या दुसऱ्या टप्प्याच्या सुमारास होंडा सिटी आणि ह्युंदाई आय-ट्वेंटी यांची डिझेल रूपं बंदच झाली. नियम पक्का होण्याआधी गाडी बाजारात आणली, तर इंजिन आणि चाचण्यांचा खर्च दोनदा करावा लागतो. आणि नियमही जागचा हलतो. सहा एअरबॅगांची सक्ती आधी ऑक्टोबर २०२२ पासून होणार होती, ती ऑक्टोबर २०२३ वर गेली आणि शेवटी सक्ती करणार नाही असं परिवहनमंत्र्यांनीच सांगितलं. अशा वेळी कंपनीने तारीख द्यायची कशाच्या भरवशावर?

तिसरं कारण सुट्या भागांचं. करोनानंतर चिपचा तुटवडा पडला, तेव्हा महिंद्राच्या एक्सयूव्ही-७०० च्या काही प्रकारांना वर्षाहून जास्त वेटिंग होतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ धातूंच्या चुंबकांवर निर्बंध आणले आणि विद्युत मोटारी बनवणाऱ्यांची झोप उडाली. मारुतीची विजेवरची ई-विटारा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात दिसली, ऑगस्टमध्ये गुजरातच्या हंसलपूरहून परदेशी जाऊ लागली, तरी वर्ष संपेपर्यंत आपल्याकडची किंमत जाहीर झाली नव्हती.

चाचण्या, स्पर्धकापासून किंमत लपवणं, सणाचा मुहूर्त गाठणं ही कारणंही असतात. पुणे-बंगळुरू रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या स्टिकरखाली झाकलेली गाडी दिसली, की आता महिन्याभरात ही शोरूममध्ये येणार असं लोक धरून चालतात. ते खरं नसतं. तशी गाडी वर्षभर फिरत राहू शकते.

पैशाचं गणित दोन्ही बाजूंनी

एक गैरसमज आधी दूर करू. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून लोक ‘२०२६ मॉडेल’ म्हणतात. तिथे मॉडेल-वर्ष ही वेगळी पद्धत आहे. एखाद्या मॉडेल-वर्षाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या २ जानेवारीपासून सुरू करता येतं. आपल्याकडे तसं नाही. आरसी बुकावर गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात विचारतात तेच: मेकिंग कधीचं, पासिंग कधीचं?

समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत १० लाख आहे. डिसेंबरात ५० हजारांची सूट मिळते. जानेवारीत कंपन्या बहुधा एक-दोन टक्के दर वाढवतात, म्हणजे आणखी १० ते २० हजार. तर आज घेणारा ६० ते ७० हजारांनी पुढे आहे. आता विकतानाचं पाहा. विम्यातल्या घसाऱ्याच्या तक्त्यात दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घट धरतात, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के. एका वर्षाची पायरी १० टक्क्यांची, म्हणजे या गाडीवर एक लाखाची. बाजार हा तक्ता तंतोतंत पाळत नाही, पण अंदाज बांधायला तो चांगला आहे. चार वर्षांच्या आत गाडी बदलणाऱ्याला डिसेंबरची ५० हजारांची सूट म्हणूनच परवडत नाही. आठ-दहा वर्षं वापरणाऱ्याला मात्र ती सरळ खिशात पडते. दहा वर्षांनी मेकिंग एका वर्षाने मागचं असल्याचा भावावर नगण्य परिणाम होतो. गाडीची अवस्था आणि किलोमीटर किती झाले एवढंच गिऱ्हाईक बघतं.

आपल्या भागात गाडी लवकर विकणारे कमी. मुलाचं लग्न, शेतीची कामं, पुण्याला जाणं-येणं यांत एकच गाडी दहा-बारा वर्षं चालते. अशा घराने डिसेंबरची सूट घ्यायला घाबरायचं कारण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लवकर विकायची सवय असेल, तर मागच्या मेकिंगच्या गाडीवर आठ-दहा टक्क्यांहून कमी सूट असेल तर सौदा करू नका.

जानेवारीपर्यंत थांबणाऱ्याची इथे एक फसगत होते. १० जानेवारीला मिळालेली गाडी नव्या वर्षाचीच असेल असं नाही. यार्डातला डिसेंबरचा माल जानेवारीभर जात असतो. सूट गेली, दर वाढला आणि मेकिंग जुनंच राहिलं, असं होऊ द्यायचं नसेल तर मेकिंगचं वर्ष बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या.

थांबून मिळतं काय?

हे नवीन गाडीच्या जातीवर अवलंबून आहे. नुसता फेसलिफ्ट असेल, म्हणजे पुढची जाळी, दिवे, मोठा स्क्रीन बदलून इंजिन आणि सांगाडा तोच राहणार असेल, तर थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. उलट त्याच वेळी जुन्यावर चांगली सूट असते. पिढी बदलणार असेल, म्हणजे सांगाडा, सुरक्षितता, इंजिन सगळं नवं, तर थांबायचा विचार जरूर करावा. नवीन आकाराची गाडी रस्त्यावर आली की जुन्या आकाराचा भाव पडतो. भारत एनकॅपची क्रॅश चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे सुरू झाली आहे. जुनीला तारे कमी आणि नवीनमध्ये सहा एअरबॅगा सगळ्या प्रकारांत असतील, तर ५० हजारांच्या सुटीसाठी कुटुंबाची सुरक्षितता मी तरी सोडणार नाही.

पण थांबण्याला अंत हवा. टाटा सिएराचं नवं रूप फेब्रुवारी २०२० च्या प्रदर्शनात दिसलं, २०२३ मध्ये पुन्हा दिसलं आणि बाजारात आलं नोव्हेंबर २०२५ मध्ये. पहिल्या झलकेवर जो थांबला, त्याने पावणेसहा वर्षं जुन्या गाडीवर काढली.

आणि आल्यावर काय भावात मिळेल? याची दोन टोकं आहेत. स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग ३० जुलै २०२२ ला उघडलं, तेव्हा अर्ध्या तासात लाखभर नोंदी झाल्या. सुरुवातीचा दर पहिल्या २५ हजार गाड्यांनाच होता. मागून आलेल्याला दरही जास्त आणि वेटिंगही लांब. उलट मारुती जिम्नी जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात मर्यादित काळासाठी १०.७४ लाखांपासून मिळत होती. पहिल्या दिवशी रांगेत उभं राहणाऱ्यापेक्षा सहा महिने थांबणारा दोन लाखांनी फायद्यात. म्हणून ज्या गाडीवर उड्या पडणार हे उघड दिसतंय, तिथे बुकिंग पहिल्या दिवशी करा. जिच्याबद्दल बाजारातच शंका आहे, ती आल्यावर सहा महिने नुसती बघा.

नव्या गाडीचं आणखी एक दुखणं आपल्यासारख्या जिल्ह्यात जास्त जाणवतं. पहिल्या वर्षी सॉफ्टवेअरच्या तक्रारी येतात, बारीकसारीक भाग बदलून द्यावे लागतात. पुण्यात चार सर्व्हिस सेंटर असतात, जत-आटपाडीच्या माणसाला त्यासाठी दिवस मोडून सांगली किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. बंपर फुटला तर नव्या मॉडेलचा भाग यायला वेळ लागतो, आणि बाहेरच्या मेकॅनिकचा हात त्या गाडीवर बसलेला नसतो. चार-पाच वर्षं चाललेल्या मॉडेलचं तसं नाही. त्याचे दोष माहीत असतात आणि बरेचसे कंपनीने सुधारलेलेही असतात. शेवटच्या वर्षातली गाडी बहुधा त्या मॉडेलची सगळ्यात निर्धोक गाडी असते. ही बाजू शोरूममध्ये कुणी मांडत नाही, कारण जुनी विकताना ते फक्त सुटीबद्दल बोलतात.

कोणी काय करावं

घरातली गाडी बंद पडायला आली आहे, पैसे तयार आहेत, वापर दहा वर्षांचा आहे: आज घ्या. डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस सौद्याला चांगले, कारण तेव्हा विक्रेत्यालाही वर्षाचा माल संपवायचा असतो.

चालती गाडी आहे, पिढी बदलणार याची कंपनीकडून खूण मिळाली आहे, आणि निम्मे पैसे द्राक्षाचा हंगाम संपल्यावर येणार आहेत: थांबा. पण स्वतःसाठी मुदत ठरवा. गुढीपाडव्यापर्यंत किमतीची घोषणा झाली नाही, तर हातात आहे त्यातलं चांगलं घ्या. कारखान्याने उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा नियम असला तरी ते कधी येतात हे आपल्याला ठाऊक आहे. कंपनीच्या न सांगितलेल्या तारखेवर त्याहून जास्त भरवसा ठेवू नका.

कर्ज काढून, तीन-चार वर्षांत बदलायच्या हिशोबाने घेणाऱ्याने मागच्या वर्षाचं मेकिंग आणि जाऊ घातलेला आकार, दोन्ही टाळावं.

स्टॉकमधली घेत असाल तर

पैसे भरण्याआधी गाडी यार्डात जाऊन बघा, फोटोवर नको. फॉर्म २२ (कंपनीने गाडीसोबत दिलेलं प्रमाणपत्र) आणि चासी नंबर यांच्यावरून मेकिंगचा महिना विचारून खात्री करा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ३४२५ म्हणजे २०२५ चा ३४ वा आठवडा. टायरची तारीख गाडीच्या मेकिंगपेक्षा नवी असेल, तर टायर का बदलले ते विचारा. गाडी सहा महिन्यांहून जास्त उभी असेल तर बॅटरी तपासून मागा. वॉरंटी डिलिव्हरीच्या तारखेपासून सुरू होते, यार्डात आल्यापासून नाही, हेही पावतीवर दिसू द्या.

आपल्याकडे अजून एक गोष्ट बघावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, हे सांगलीकराला सांगायला नको. ज्या वर्षी पूर आला असेल, त्या वर्षी पावसाळाभर यार्डात उभी राहिलेली गाडी घेताना मॅटखाली हात घाला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा उघडा. गाळाची बारीक पूड किंवा कुबट वास आला, तर टोकन परत घ्या आणि दुसरी गाडी दाखवायला सांगा.

नवीन मॉडेलचं बुकिंग करत असाल तर टोकन परत मिळण्याची अट आणि डिलिव्हरीच्या दिवशीचा दर लागेल की बुकिंगच्या दिवशीचा, या दोन गोष्टी लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी डिलिव्हरीच्या दिवशीचाच लागतो, आणि वेटिंग आठ महिन्यांचं असेल तर मधल्या दोन दरवाढी तुमच्याच खिशातून जातात.