बॅगेतून बिअर आणण्याच्या पिशव्या : आठ महिने, चार फेऱ्यांनंतर

कामासाठी दर दोन महिन्यांनी ब्रसेल्सची फेरी असते आणि परतताना बॅगेत बिअर असतेच. आधी बाटल्या जीन्समध्ये गुंडाळून आणायचो. मग बाटलीच्या मापाच्या सहा पिशव्यांचा सेट घेतला, साधारण बाराशे रुपयांना. आतून बबल रॅप, बाहेरून जाड प्लॅस्टिक, तोंडाला एकावर एक दोन झिप-लॉक आणि वरून वेल्क्रो. आतापर्यंत २४ बाटल्या आणल्या, त्यातली एक फुटली.

घरी सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, वर गेल्यावर झाकण उडत नाही का? नाही उडत. सामानाच्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब ठेवलेला असतो, साधारण ८,००० फुटांवर असतो तितका. बिअरच्या बाटलीत मुळातच त्याहून कितीतरी जास्त दाब कोंडलेला असतो, तो फरक ती सहज सोसते. बाटली फुटते ती बाटलीवर बाटली आपटून, नाहीतर बॅगेच्या कडेला फटका बसून.

माझी फुटली ती तिसऱ्या फेरीत. कडक कवचाची, मधोमध उघडणारी बॅग होती. अशा बॅगेचा प्रत्येक अर्धा भाग उथळ असतो, त्यामुळे बाटली कितीही मधे ठेवली तरी कवच दोन बोटांवरच राहतं. चाकांच्या बाजूची ऑर्वाल या बेल्जियन बिअरची बाटली गेली. काच बबल रॅपमधून आरपार आली आणि बाहेरच्या प्लॅस्टिकला सुईएवढं भोक पडलं. बहुतेक बिअर पिशवीतच राहिली, पण जी झिरपली ती आत्यासाठी घेतलेल्या चॉकलेटच्या डब्यात गेली. मला फार वाईट वाटलं. पिशवी नसती तर अख्खी बॅग भिजली असती, हेही खरं. म्हणून माझं मत असं झालंय की पिशवी कपडे वाचवते. बाटली वाचवायला बॅगच नीट भरावी लागते.

चौथ्या फेरीला कापडी, एकाच खोल कप्प्याची बॅग नेली. तळाला स्वेटर, मधे बाटल्या, दोन बाटल्यांमधे घडी केलेला टी-शर्ट, चहूबाजूंनी वीतभर कपडे. बॅग हलवून पाहिली, आत काही सरकलं नाही. मुंबईला उतरून कॅबने पुण्यापर्यंत सगळं सुखरूप. ऑर्वालची बाटली बोलिंगच्या खेळातल्या पिनसारखी, मानेपाशी बारीक; तिथे पिशवीत पोकळी राहते, तीत मोजे कोंबतो. ७५ सेंटिलिटरची बुचाची बाटली या पिशवीत जाते, पण झिप ओढाताण करून लागते. तिच्यासाठी मोठं माप घ्या.

आठ महिन्यांत दोन पिशव्यांचे बुडाकडचे फुगे बसले आणि एकीची आतली झिप सैल झाली. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक पिशवीत पाणी भरून बेसिनवर उलटी धरतो. थेंब आला की ती बाद.

नियमांचं थोडक्यात. बिअर चेक-इनमध्येच, केबिनमध्ये १०० मिलिलिटरची मर्यादा आड येते. २४ टक्क्यांहून कमी अल्कोहोल असलेल्या दारूवर विमानाच्या सुरक्षानियमांत लिटरची मर्यादा नाही, पण भारतात उतरल्यावर कस्टमची आहे: माणशी २ लिटर ड्युटीशिवाय, आणि त्यात वाइन, व्हिस्की सगळं धरून. ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर. मी सहावरच थांबतो. वजन साडेतीन किलोच्या आसपास जातं, तेवढी जागा परतीसाठी राखून ठेवावी लागते.

एवढी खटपट मी मुख्यतः ऑर्वालसाठी करतो. बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटानोमायसीस हे यीस्ट घालतात, म्हणून ताजी वेगळी लागते आणि सहा महिन्यांची वेगळी, जास्त कोरडी, म्हणजे कमी गोड. घरी आल्यावर बाटल्या अंधाऱ्या कपाटात उभ्या ठेवा, निदान दोन-तीन दिवस, म्हणजे गाळ तळाला बसतो. आल्याआल्या उघडलेली माझी पहिली बाटली फेस होऊन ओट्यावर सांडली होती. जूनमध्ये आणलेल्या दोन अजून कपाटात उभ्या आहेत, त्या डिसेंबरात भाऊ आला की उघडणार.