कूलरच्या पाठीपासून आखलेलं अंगण: दहा महिन्यांचा अनुभव

नागपुरात मार्चअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत घरातली हवा म्हणजे अंगणातलीच हवा. डेझर्ट कूलर तासाला काही हजार घनमीटर हवा बाहेरून ओढतो. कूलरची ओली ताटी (पॅड) जाड धूळ धरते, बारीक पराग पुरते धरत नाही. त्यामुळे दमा किंवा बारमाही सर्दी असलेल्या घराचं अंगण फाटकापासून नाही, कूलरच्या पाठीपासून आखावं लागतं. 30 बाय 20 फुटांचं, काळ्या मातीचं अंगण फेब्रुवारीत या हिशेबाने बदललं. उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबरची उकाड होऊन गेल्यावर काय टिकलं आणि काय फसलं, ते लिहितो.

आधी काढलं ते हराळीचं लॉन. गवताचा पराग वाऱ्यावर जातो आणि हराळीला तुरा यायला दोन आठवडे कापणी चुकली तरी पुरतं. शिवाय मे महिन्यात ते हिरवं ठेवायला पाणी किती लागतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मग कोनोकार्पसचं कुंपण गेलं. गुजरात सरकारने 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, त्यामागे परागाचा त्रास हे एक कारण होतं. कोपऱ्यातली एरंडीही उपटली, तिचाही पराग वाऱ्यावरचा.

कूलरमागच्या 6 फुटांत फुलणारं काहीच नाही, फक्त पेव्हर ब्लॉक. इथे घाई करू नका. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचं सगळं त्यासोबत हलतं. साडेआठ इंच खोदून 5 इंच मुरूम पाणी मारत धुम्मसाने ठोकला, त्यावर 1 इंच रेती, मग 60 मिलिमीटरचे ब्लॉक. उतार भिंतीपासून बाहेर, 8 फुटांना 1 इंच. एका पट्ट्यात मुरूम 3 इंचच पडला होता. जुलैत नेमकी तीच ओळ खचली आणि तिथे पाणी साचू लागलं. सांध्यांतून हराळी डोकावतेच. मुळासकट काढा, नुसती खुडली तर पसरते.

पश्चिमेकडून झळा येतात म्हणून त्या बाजूला 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट लावली. कूलरपासून किमान 2 फूट लांब ठेवा, नाहीतर हवा कोंडते आणि कूलर नुसता आवाज करतो. नेटवर धूळ आणि पराग बसतात, आठवड्याला पाइपने धुवा. धुताना कूलर बंद, हे विसरलात तर धुण्याचा उपयोग शून्य.

250 चौरस फुटांवर 20 मिलिमीटरची गिट्टी 2 इंच जाड पसरली. हिशेबाने 42 घनफूट बसते, 45 मागवा. खाली न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड, जोडावर 6 इंच एकावर एक. प्लास्टिक नको, त्यावर पाणी साचून बुरशी धरते. सर्वांत मोठी चूक इथेच झाली: गिट्टी न धुता टाकली. क्रशरची चुरी तिला चिकटलेली असते. वाळली की एप्रिलच्या वाऱ्यात ती थेट ताटीवर. शेवटी सगळी गिट्टी टोपलीत घालून धुवावी लागली. आणि कापड घातलं म्हणून तण येत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. धूळ वर साठते आणि बी त्या धुळीत रुजतं.

झाडं निवडताना कसोटी एकच: फुलाचं काम कीटक करतात की वारा? जास्वंद, तगर, लिंबू, गोडलिंब, डाळिंब, सदाफुली ही सगळी कीटकांवरची. सगळी टिकली. लिंबाच्या बुंध्याशी मात्र पाणी साचू देऊ नका, काळ्या मातीत मूळ कुजतं. पपईचं नर झाड ठेवू नका, रोप फुलल्यावर ओळखता येतं. मोगरा कूलरपासून 20 फूट दूर आहे. त्यात परागापेक्षा वासाचा प्रश्न, दम्याच्या माणसाला उग्र वास सोसत नाही. रातराणी त्याच कारणाने बाद. शेवंती आणि सूर्यफूल गाजरगवताच्याच कुळातली, म्हणून गाजरगवताने ज्यांची कातडी उठते त्यांनी तीही टाळावीत.

ठिबकसाठी 16 मिलिमीटरची नळी, तासाला 4 लिटरचे ड्रिपर, झुडपाला दोन, खोडापासून फूटभर लांब. मे महिन्यात दर तिसऱ्या दिवशी दीड तास, म्हणजे झुडपाला 12 लिटर. काळी माती पाणी धरून ठेवते. रोज थोडं थोडं दिलं तर वरचाच थर ओला राहतो आणि बुरशी येते. बोअरच्या जड पाण्याने मेअखेरीस निम्मे ड्रिपर पांढरे होऊन बंद पडले. जाळीचा फिल्टर गाळ अडवतो, विरघळलेला क्षार नाही. म्हणून उघडता येणारेच ड्रिपर घ्या. ते रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवले की मोकळे होतात. नळीचं टोक दर पंधरवड्याला उघडून वाहू द्या. नळी खारूताई कुरतडतात, त्यावर मातीखाली गाडण्यापलीकडे उपाय सापडला नाही.

उन्हाळ्यात बुंध्याशी घातलेला पालापाचोळा फार कामाचा, पण पहिल्या पावसाआधी उचला. ओला पाला बुरशीचे बीजाणू सोडतो. जुन्या वुडवूलच्या ताटीचंही तेच: मोसमाच्या सुरुवातीला नवी बसवा, टाकी आठवड्याला पूर्ण कोरडी करा. पावसाळी दमट हवेत कूलर चालवूच नका, खोलीतली ओल वाढून गादीतले धूळ-किडे माजतात. अवकाळी वादळाच्या वेळीही थोडा वेळ बंद. पावसात पराग फुटून आणखी बारीक होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये खरी मेहनत गाजरगवताची. पाऊस पडून माती मऊ असताना, फुलण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून मुळासकट उपटा. फुललेलं खड्ड्यात खतासाठी टाकू नका, बी तिथेच पडतं. कुंपणाकडेला पावसाच्या तोंडावर तरोटा (टाकळा) पेरला. तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो, कोवळ्या पानांची भाजीही होते. गाजरगवताची पानं खाणारा पट्ट्यांचा मेक्सिकन भुंगा दिसला तर फवारणी करू नका.

झाडताना आधी हलका सडा, मगच खराटा.

अंगणाच्या भिंतीपलीकडे यातलं काही चालत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वावळ फुलतो, त्याचा पराग लांबून येतो. ऑक्टोबरच्या सुमारास रस्त्यावरच्या सप्तपर्णीचा वास संध्याकाळनंतर चढतो. त्या आठवड्यांत दिवे लागायच्या आधी खिडक्या लावून घ्या आणि कपडे आत वाळत घाला.