लेव्होनॉर्जेस्ट्रेल की युलिप्रिस्टल: लागेल तेव्हाच घ्यायची गोळी

रोजची गर्भनिरोधक गोळी नको, गरज पडली तर संबंधानंतर घेऊ, असं ठरवणाऱ्या बाईसमोर मुख्यतः दोन गोळ्या असतात: लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिग्रॅ आणि युलिप्रिस्टल ३० मिग्रॅ. दोन्ही स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवतात. बीज सुटून गेल्यावर दोन्हींचा उपयोग नाही.

पहिली संबंधानंतर ७२ तासांत, दुसरी १२० तासांत, एवढाच फरक सहसा सांगितला जातो. खरी अडचण वेगळीच आहे. बीज सुटण्याच्या सुमारे दीड दिवस आधी एलएच, म्हणजे बीज सोडायला लावणारं हार्मोन, वाढू लागतं, आणि ते वाढू लागलं की लेव्होनॉर्जेस्ट्रेल जवळजवळ हात टेकते. म्हणजे गर्भ राहण्याचा धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवसांत ती कमी पडते. बारा तासांत घेतली तरी. एलएच शिखराला पोचण्याआधी घेतलेली युलिप्रिस्टल मात्र तेव्हाही बहुतेक वेळा बीज रोखते. आपण चक्राच्या कुठल्या दिवशी आहोत हे खात्रीने कुणाला ठाऊक असतं? म्हणून माझा कल युलिप्रिस्टलकडे. वजन ७० किलोच्या वर असेल तर अधिकच.

तिचंही एक पथ्य आहे. ती प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या शरीरातल्या जागा अडवते, त्यामुळे आधीच्या सात दिवसांत हार्मोनची गोळी पोटात गेली असेल तर तिचा जोर घटतो, आणि ती घेतल्यावर नेहमीची गोळी पाच दिवस सुरू करता येत नाही. रोजची गोळी चुकली म्हणून धावपळ असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलच बरी. अंगावर पाजणाऱ्या आईलाही तीच सोयीची. युलिप्रिस्टलनंतर आठवडाभर दूध काढून टाकावं लागतं. क्षयावरचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरचं फेनिटॉइन चालू असेल तर दोन्ही गोळ्या कमजोर पडतात. तिथे तांबी उत्तम, नाहीतर लेव्होनॉर्जेस्ट्रेल दुप्पट, ३ मिग्रॅ.

हाँगकाँगमधल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेव्होनॉर्जेस्ट्रेलसोबत पायरॉक्सिकॅम हे वेदनाशामक ४० मिग्रॅ दिल्यावर ४१८ जणींत एक गर्भ राहिला, नुसत्या गोळीवर तितक्याच जणींत सात. आशादायक आहे, पण पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तीन तासांत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्या. बीज फक्त लांबलेलं असतं, त्यामुळे पुढच्या संबंधांना निरोध हवाच. फसगत बहुधा इथेच होते. युलिप्रिस्टलनंतर पाळी थोडी उशिरा येणं नेहमीचं, पण सात दिवसांहून जास्त लांबली तर गर्भ राहिला का ते पाहायला लघवीची तपासणी करा.