तायक्वांदोचा किट घेताना आम्ही सतरा घरं कशी फसलो

माझी लेक सातवीत आहे. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात दीड वर्षापासून तायक्वांदोचा वर्ग चालतो. जागा म्हणजे समाजमंदिर, वर टिन, खाली फरशी. शिकवणारे सर शेजारच्या गावचे, वय असेल पंचवीस. महिन्याचे दोनशे रुपये घेतात आणि ज्याच्या घरी नसतील त्याला मागत नाहीत. वर्षभर पोरं शाळेची ट्रॅक पँट आणि टी-शर्ट घालून, अनवाणी शिकली. यलो बेल्टची परीक्षाही त्याच कपड्यांत झाली. काही अडलं नाही. हे आधीच सांगते, कारण त्या संध्याकाळी आम्ही नेमकं हेच विसरलो.

पोळ्याच्या आठवड्यात मोटारसायकलला दोन मोठ्या बॅगा बांधून एक माणूस आला. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात ओळखपत्र, हातात रंगीत छापील यादी. सरांची आणि त्याची कुठल्याशा शिबिरात ओळख झालेली. वर्ग सुटायच्या वेळी त्यानं आम्हा आयाबायांना थांबवून घेतलं आणि म्हणाला, “ताई, तालुक्याची शालेय स्पर्धा पंधरा दिवसांवर आली. मान्यताप्राप्त ड्रेस आणि शूज नसले तर मुलांना मॅटवर पाय ठेवू देत नाहीत. मागच्या वर्षी अशीच मुलं रडत घरी गेली.” पोरं शेजारीच उभी होती, सगळं ऐकत होती. दहावीला मिळणाऱ्या खेळाच्या सवलतीच्या गुणांचंही तो बोलला. आमची लेकरं अजून पाचवी-सहावी-सातवीत, तरी ते ऐकून बायांच्या चेहऱ्यावर लगेच फरक पडला.

किट तीन हजार सहाशेचा. त्यात डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा तो पांढरा ड्रेस, ‘शंभर टक्के कॉटन’. शिवाय ‘तायक्वांदो शूज’ आणि छातीवर बांधायचा चेस्ट गार्ड. दुकानात हेच पाच हजारांना पडतं म्हणाला. उद्या तो दुसऱ्या गावी जाणार, म्हणून जे करायचं ते आजच.

त्या दिवसांत कापूसवाल्याच्या घरात पैसा नसतो, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. निंदण सुरू, खताचं देणं बाकी आणि पहिला वेचा थेट दिवाळीच्या अंगाला. घरात होते ते निंदणाच्या बायांना द्यायचे पैसे. बाईची रोजी अडीचशे धरली तर एका किटमध्ये चौदा रोज गेले. तरीही मी दिले, कारण लेक माझ्याकडं बघत होती. गावात तिच्यासारखी सतरा लेकरं. एकसष्ट हजार दोनशे रुपये त्या माणसानं एका संध्याकाळी आमच्या गावातून नेले.

रात्री सासूबाईंनी डोबोक हातात घेतला, दोन बोटांत चुरगाळला आणि म्हणाल्या, “हे कापसाचं नाही वं बाई. हातातून सरकून रायलं, मेणकापडावानी.” मी त्यांना गप्प केलं. ‘खेळाचं कापड वेगळं असतं’ हे त्या माणसाचं वाक्य मी त्यांनाच ऐकवलं. चाळीस वर्षं पऱ्हाटीत वाकलेल्या बाईचा हात खरं सांगत होता आणि मी विश्वास ठेवला ट्रॅकसूटवाल्यावर. पैशांपेक्षा याचं मला जास्त वाईट वाटतं.

पहिल्या आठवड्यातच कळायला लागलं. टिनाखाली भाद्रपदातलं ऊन कसं तापतं ते इथल्या माणसाला माहीत आहे. कापूस घाम पितो, हे कापड घाम वरच ठेवायचं. पोरींच्या पाठीवर पुरळ उठलं. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे पांढरं पातळ कापड भिजलं की अंगाला चिकटून आरपार दिसायचं. दोन मोठ्या पोरींनी काहीबाही कारणं सांगून वर्गाला येणंच बंद केलं. त्यांच्या आयांनाही खरं कारण उशिरा कळलं. मुलीसाठी डोबोक घेताना कापड उजेडासमोर धरून बघा, ओल्या हातानं दाबून बघा, आणि आत घालायला पांढरा सुती टी-शर्ट ठेवाच.

मापाचंही तसंच. डोबोकचं माप वयावरून नाही, उंचीवरून असतं, बहुतेक लेबलवर सेंटिमीटरच लिहिलेले असतात. माझ्या लेकीची उंची एकशे बेचाळीस आणि तिला दिला एकशे साठचा. “वाढत्या अंगाचा घ्या ताई, दोन वर्षं बघायला नको.” शाळेचा गणवेश आपण असाच घेतो, म्हणून मलाही ते पटलं. पण गणवेशात कुणी डोक्याएवढी लाथ मारत नाही. पायजम्याची शिवण घोट्यापाशी संपायला हवी. हिची टाचेखाली यायची, आणि मागं सरकताना त्यावरच पाय पडून ती दोनदा आपटली. शेवटी मीच हातशिलाईनं चार बोटं दुमडून घेतलं.

आता बुटांचं सांगते.

तायक्वांदोत सगळ्यात जास्त चालते ती दोल्यो चागी. पोरं तिला राउंड किक म्हणतात. एक पाय हवेत गोल फिरतो, तेव्हा जमिनीवरचा पाय चवड्यावर गरकन फिरून टाच समोरच्याकडं यावी लागते. सगळा जोर त्या फिरण्यात. म्हणून हा खेळ मुळात अनवाणी शिकतात. तायक्वांदोचे बूट असतातच, नाही असं नाही. बाहेर कडक जमिनीवर सराव किंवा प्रात्यक्षिक असलं तर काही जण घालतात. पण ते हलके असतात, तळ पातळ आणि सपाट, आणि चवड्याखाली पाय सहज फिरेल असा गुळगुळीतपणा. आमच्या पोरांना मिळालेल्या बुटांखाली खोल खाचांचं जाड रबर होतं, टाच दोन बोटं उंच. चिखलात चालायला चांगले. रस्त्यावर पळायलाही चालले असते. वर फक्त ‘तायक्वांदो’ अशी अक्षरं चिकटवलेली.

स्पर्धेच्या सहा दिवस आधी सरावात लेकीनं किक मारली. कंबर फिरली, मांडी फिरली, बूट मात्र फरशीला धरून राहिला. सगळा पीळ गुडघ्यात गेला. तिची किंकाळी मी समाजमंदिराबाहेर हापशीवर पाणी भरत होते तिथं ऐकली. डॉक्टरांनी सांगितलं, हाड शाबूत आहे, लिगामेंट ताणलं गेलंय, तीन आठवडे पायावर जोर नको. गुडघा बेलफळाएवढा सुजला होता. ती दुखण्यानं नाही, स्पर्धा गेली म्हणून रडत होती. “आई, बूट नसते घातले तर?” असं तिनं एकदाच विचारलं, परत कधी नाही.

स्पर्धेला मी तिला घेऊन गेले, बाकीच्या पोरांना बघायला. मॅटच्या कडेला चपला-बुटांची रांग लागलेली आणि आमची पोरं त्या नव्या बुटांत उभी. पंचांनी पहिल्यांदा तेच काढायला लावले. मॅटवर बूट चालतच नाहीत. त्यातल्या एक बाई पंच होत्या, जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी शांतपणे समजावलं. पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा प्रकार, अनवाणीच करतात. लढतीत पावलाला बूट नाही, तर पॅड असलेले मोजे किंवा फूट गार्ड असतात, आणि मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक गार्ड असला तर त्याच्या जोडीचे सेन्सरचे मोजे. मग त्यांनी आमच्या पोरांच्या कॉलरकडं बोट दाखवलं. “यांना काळी कॉलर कुणी दिली?” वर्ल्ड तायक्वांदोच्या पद्धतीत डोबोकचा गळा इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि तो डोक्यातून घालायचा असतो. रंगीत बेल्टवाल्यांची कॉलर पांढरी. काळी कॉलर ब्लॅक बेल्टची, आणि पंधरा वर्षांखालच्या ब्लॅक बेल्टला, ज्याला पूम म्हणतात, लाल-काळी. आमच्या यलो बेल्टच्या लेकरांना त्यानं काळ्या कॉलरचे दिले, कारण त्याच्या बॅगेत तेच होते. दोन पोरांना तर समोरून उघडणारा, बंदांनी बांधायचा दिला होता. तो सरळ कराटेचा ड्रेस, पाठीवर तायक्वांदो छापलेलं. त्या दोघांनी दुसऱ्या शाळेच्या पोरांकडून डोबोक मागून घेतले आणि लढती खेळल्या.

तिथंच एका आश्रमशाळेची पोरं होती. जुने, गुडघ्यावर ठिगळ लावलेले पांढरे डोबोक, पाय अनवाणी. त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांच्यातली एक मुलगी पहिली आली.

अजून एक गोष्ट त्याच बाईंनी दाखवली. चेस्ट गार्डवर चकचकीत स्टिकर होता, ‘डब्ल्यूटीएफ मान्यताप्राप्त’. त्या म्हणाल्या, जागतिक संघटनेनं २०१७ मध्येच ते जुनं नाव सोडून वर्ल्ड तायक्वांदो हे नाव घेतलं. मग या वर्षीचा म्हणून विकलेल्या मालावर जुनी अक्षरं कशी? मी नखानं खरवडलं, तर स्टिकर कागदासारखा निघून आला. खाली नाव नाही, पत्ता नाही, किंमत नाही.

घरी येऊन मी त्या माणसाला फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, बदलून देतो. दुसऱ्यांदा, गाडी घेऊन येतो. तिसऱ्यांदा फोन बंद. पावती म्हणून दिलेला कागद तेव्हा कुठं नीट वाचला. लेटरपॅडवर हातानं लिहिलेली रक्कम, जीएसटी क्रमांक नाही, मालाचं वर्णन फक्त ‘स्पोर्ट्स किट’. आम्ही फोनवरून पाठवलेले पैसे ओळखपत्रावरच्या नावाला गेलेच नव्हते, तिसऱ्याच नावाच्या खात्यात गेले होते. पैसे पाठवताना ते नाव पडद्यावर दिसतं. आम्हा सगळ्यांना दिसलं होतं.

सरांना मी तोंडावर विचारलं. त्यांनी लपवलं नाही. त्यांना एक डोबोक फुकट मिळाला होता, पैसे नाहीत. तेही फसले हे मला पटतं, पण फुकट मिळालेल्या ड्रेसचं त्यांनी त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं, आणि बूट अनवाणी खेळात कशाला, हा प्रश्न आमच्याआधी त्यांनी विचारायला हवा होता. मी हे त्यांना असंच बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते. वर्ग सोडायचा मात्र आम्ही कुणीच विचार केला नाही.

त्या रात्री सासूबाईंनी अंगणात चिमणी लावली आणि डोबोकच्या शिवणीतून एक धागा ओढला. शेजारी घरच्या कापसाची वात ठेवली. वात कागदासारखी जळली, मागं राखाडी रंगाची भुरभुरीत राख. डोबोकचा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. हा पॉलिएस्टर. कापसाच्या कापडावर थेंब टाकला तर ते पितं, यावर थेंब मण्यासारखा घरंगळतो. या दोन्ही परीक्षा ड्रेस विकत घेण्याआधी दोन मिनिटांत होतात, शिवणीतला धागा मागायला लाजू नका. एक न्यायाचं बोलते. मिश्र कापड वाईट नाही. चांगल्या डोबोकमध्येही पॉलिएस्टर मिसळलेलं असतं, टिकतं, आटत नाही. नुसत्या सुती ड्रेसला पहिल्या धुण्यात आटण्याची जागा ठेवावी लागते. पण मिश्र असेल तर मिश्र म्हणून विकावं. पुढं आम्ही नागपूरला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो तर दुकानदारानं स्वतःहून सांगितलं, “हा मिक्स आहे ताई.” पांढऱ्या कॉलरचा, लेकीच्या मापाचा डोबोक साडेआठशेला मिळाला, छापील बिलासकट. सहा महिने झाले, चांगला आहे.

बूट घेतले नाहीत. रस्त्यावर धावायचं असलं की तिचे शाळेचे बूट, किक सुरू झाली की अनवाणी. फरशी कडक होती म्हणून बारा घरांनी मिळून फोमच्या जोडायच्या मॅट आणल्या. आमच्यासारख्या वर्गाला खरं तर पहिल्यांदा तेच लागत होतं.

तक्रारीचं सांगायचं राहिलं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मराठीत बोलता आलं. तिथून कळलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण जिथं राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही. मुदत दोन वर्षांची. एकाच प्रकारे फसलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीनं मिळून एक तक्रार करू शकतात. सतरापैकी अकरा घरं तयार झाली. बाकीचे म्हणतात, जाऊ द्या, गेले ते गेले. त्यांच्यावर माझा राग नाही, वर्धेला एक खेप म्हणजे एक रोज बुडतो.

पैसे पाठवल्याच्या नोंदी आम्ही छापून घेतल्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, बाई पंचांनी कॉलरबद्दल आणि बुटांबद्दल दोन ओळी लिहून दिल्या. तक्रार वर्धेला दाखल झाली आहे. अकरा जोड्या बूट मी खताच्या रिकाम्या पोत्यात भरून धान्याच्या कोठीवर ठेवलेत, उंदीर लागू नयेत म्हणून. तारखेला तिथं दाखवावे लागतील.