पहिलं पिस्तूल : ग्लॉक 19 काही महिने वापरल्यावर

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यायचं ठरवलं की बाईमाणसाला एक सल्ला हमखास मिळतो. "तुमचा हात लहान, तुम्ही पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर घ्या. हलकं असतं, पर्समध्ये मावतं, चालवायला सोपं." हलकं असतं हे खरं, पर्समध्ये मावतं हेही खरं. चालवायला मात्र ते अजिबात सोपं नसतं. ज्यांनी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही अशा बायकांच्या हातात नेमकं तेच दिलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. मी ग्लॉक 19 (ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचं मध्यम आकाराचं पिस्तूल) घेतलं आणि काही महिने नियमित सराव केल्यावर हे लिहिते आहे.

आधी वजनाचं बोलू. दोन इंचांहून थोड्या कमी नळीचं, ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या सांगाड्याचं छोटं रिव्हॉल्व्हर रिकामं असताना सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. ग्लॉक 19 रिकामं सुमारे 600 ग्रॅमचं, आणि 15 गोळ्यांचं मॅगझीन (मुठीत आत सरकवायची गोळ्यांची पेटी) भरून लावलं की साडेआठशेच्या पुढेमागे. तीच गोळी त्याच वेगानं सुटली तर हलकं हत्यार हाताला जास्त जोरात मागे रेटतं. त्यात छोट्या रिव्हॉल्व्हरची मूठ अपुरी, करंगळी धरायला जागाच नाही, म्हणजे तो सगळा धक्का तळहाताच्या एका ठिपक्यावर येतो. पाच-दहा गोळ्यांत हात दुखायला लागतो, आणि हात दुखला की माणूस सराव टाळतो.

त्याहून मोठी अडचण ट्रिगरची. अशा रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर ओढायला पाच किलोच्या वर जोर लागतो आणि हत्यार स्वतः अर्धा किलोचंसुद्धा नाही. इतक्या हलक्या वस्तूवर तिच्या दसपट जोर लावताना ती जागची हलू न देणं हे कसलेल्या नेमबाजाचं काम आहे. ग्लॉकचा ट्रिगर साधारण अडीच किलोचा आहे आणि दर वेळी सारखाच ओढावा लागतो. म्हणून लहान पिस्तूल हे अनुभवी माणसाचं दुसरं किंवा तिसरं हत्यार असावं. पहिलं मध्यम आकाराचंच घ्यावं, मग ते याच कंपनीचं असो की दुसऱ्या. या आकाराची चांगली पिस्तुलं अनेक जण बनवतात.

ग्लॉक 17 हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी तयार झालं आणि 1988 मध्ये त्याचं थोडं आखूड रूप 19 या क्रमांकानं आलं. नळी 102 मिलिमीटरची. माझं पाचव्या पिढीचं आहे. या पिढीत मुठीच्या पुढच्या बाजूचे बोटांचे खळगे काढून टाकलेत आणि लहान हातांसाठी ते फार बरं झालं, कारण ते खळगे कुणाच्या तरी मोठ्या बोटांच्या मापाचे होते. मुठीच्या मागे लावायच्या वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या सोबत येतात. मी एकही लावलेली नाही.

हाताला बसतं की नाही हे दुकानात उचलून "छान वाटतंय" म्हणण्यानं कळत नाही. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, ते सुरक्षित दिशेला धरा. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली बेचकी मुठीच्या मागे जितकी वर जाईल तितकी वर घ्या. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आणा. आता मनगट न वळवता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सपाट टेकतो का ते पाहा. बोटाचं फक्त टोक पोचत असेल, किंवा ते पोचवण्यासाठी मूठ अंगठ्याच्या बाजूला फिरवावी लागत असेल, तर ते पिस्तूल तुमच्या हाताचं नाही. मग ते कितीही नावाजलेलं असू दे.

डोळ्याचंही तपासून घ्या. दोन्ही हात पुढे पसरून पंजांमध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून लांबची एक वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं वस्तू जागेवर राहते तो तुमचा मुख्य डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तरी बिघडत नाही. पिस्तूल किंचित डाव्या डोळ्यासमोर आणलं की काम होतं.

स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, ओढायला ताकद लागते म्हणून बऱ्याच बायका पिस्तूल नको म्हणतात. जवळजवळ सगळ्याच वेळा अडतं ते पद्धतीवर. चिमटीत धरून मागे खेचत बसलं तर स्लाइड हलत नाही. पिस्तूल छातीजवळ आणायचं, डावा तळहात स्लाइडवर वरून ठेवून चार बोटांनी घट्ट पकडायचं, आणि डावा हात मागे नेतानाच उजव्या हातानं मूठ पुढे ढकलायची. खांद्याचं आणि पाठीचं बळ लागतं तेव्हा ती झटकन मागे येते. मग सरळ सोडून द्यायची, हातानं पुढे नेत बसायचं नाही. हे करताना नळीचं तोंड हळूच डावीकडे, शेजारच्या माणसाकडे वळतं, तिकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. मॅगझीन भरणं हे मात्र खरंच बोटांचं काम आहे. शेवटच्या चार-पाच गोळ्या अंगठा लाल करतात. सोबत प्लॅस्टिकचा छोटा भरणी-साचा येतो, तो बिनदिक्कत वापरावा.

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, पहिला शत्रू आवाज. पिस्तुलाच्या गोळीचा आवाज 150 डेसिबलच्या वर जातो आणि 140 च्या वरचा असा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो. बंदिस्त रेंजवर मी कानात बोळे घालून त्यावर इअरमफ लावते. दोन्ही लावल्यावर दचकणं निम्म्यानं कमी झालं, आणि नेमही आपोआप सुधारला. गळा बंद असलेला कपडा घाला, कारण झाडलेल्या काडतुसाचं बाहेर उडालेलं गरम टरफल गळ्यातून आत गेलं की माणूस भरलेल्या पिस्तुलासकट उड्या मारतो. हात गार पाण्यानं आणि साबणानं धुतल्याशिवाय काही खायचं नाही. धुरात आणि काजळीत शिसं असतं. घरी लहान मूल असेल तर ते कपडेही वेगळे धुवावेत.

नेम चुकण्याचं मुख्य कारण म्हणजे धक्का येणार हे माहीत असल्यानं तो यायच्या आधीच मनगट खाली दाबलं जातं. उजव्या हाताच्या नवशिक्यांच्या गोळ्या त्यामुळे खाली डावीकडे जमा होतात. यावरचा उपाय साधा आहे. मॅगझीनमध्ये खऱ्या गोळ्यांत एक-दोन बनावट, बारूद नसलेली काडतुसं दुसऱ्याकडून मिसळून घ्यायची. बनावट आलं की नुसती टिक होते आणि नळी खाली गेलेली स्वच्छ दिसते. घरचा कोरडा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा, सराव मी वेगळ्या खोलीत करते. त्या खोलीत एकही खरी गोळी नसते, आणि सराव संपला की संपला, "अजून एकदाच" नाही. पुढच्या माशीवर (नेम धरायच्या पुढच्या खुंटीवर) नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर ओढायचा. माझ्या हाताला स्थिरता रेंजवर जितकी आली त्याहून जास्त या नाण्यानं आली.

सरावाच्या स्वस्त काडतुसांचा एक लॉट त्रासदायक निघाला. कंपनीचं नाव सांगत नाही. ट्रिगर ओढला, टिक, पुढे काही नाही. अशा वेळी रेंजवर पिस्तूल टारगेटकडेच धरून 30 सेकंद थांबायचं, कारण काडतूस उशिरा पेटू शकतं. मगच स्लाइड ओढून ते बाहेर काढायचं. खऱ्या संकटात मात्र थांबायला वेळ नसतो. मॅगझीनच्या बुडाला थाप, स्लाइड ओढ, पुन्हा नेम, हे हाताच्या अंगवळणी पडलेलं असावं लागतं. त्याच लॉटमधल्या एका गोळीचा आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुस्स असा आला आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकानं तत्काळ "थांब!" म्हणून ओरडून थांबवलं. बारूद कमी पडलं तर गोळी नळीतच अडकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. त्या दिवशी नळी मोकळीच निघाली. पण आवाज वेगळा आला की हात थांबलाच पाहिजे, हे मी सोबत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला आधी सांगते.

कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या व्यासावर, लोक तासन् तास वाद घालतात, मला त्यात फार रस नाही. माझ्या पिस्तुलाचं 9 × 19, म्हणजे 9 मिलिमीटरचं, हे काडतूस विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला गेऑर्ग लुगर यांनी तयार केलं आणि आज ते जगभर सर्वांत जास्त चालतं. 2014 मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागानंही .40 इंचाचं काडतूस सोडून 9 मिलिमीटरकडे परतण्याची कारणं मांडली. आधुनिक गोळ्यांमुळे परिणामात फारसा फरक उरलेला नाही आणि 9 मिलिमीटरनं बहुतेक जण जास्त वेगानं आणि जास्त अचूक नेम साधतात, हे त्यातलं मुख्य. धक्का कमी, म्हणजे सराव जास्त. माझ्या दृष्टीनं विषय तिथेच मिटतो. एवढं मात्र ध्यानात ठेवा की पातळ भिंत ही गोळी थांबवत नाही. घरात नेम धरताना पलीकडच्या खोलीत कोण झोपलंय ते आधी पक्कं माहीत हवं.

आता या पिस्तुलाच्या ज्या गोष्टी नवशिक्याला समजून घ्याव्याच लागतात त्या. याला बोटानं वरखाली करायचा सेफ्टीचा खटका नाही. आत तीन सुरक्षा आहेत: ट्रिगरमधली छोटी पाकळी, फायरिंग पिन अडवणारी कळ आणि पडल्यावर गोळी सुटू न देणारी रचना. पण ट्रिगर ओढला गेला की तिन्ही आपोआप बाजूला होतात. म्हणजे खरी सेफ्टी तुमचं बोट आणि तुमचं होल्स्टर (पिस्तूल अंगावर ठेवायचं म्यान). ट्रिगर पूर्ण झाकणारं, टणक होल्स्टर नसेल तर हे पिस्तूल अंगावर बाळगू नये. पर्समध्ये किल्ल्या आणि पेनांच्या सोबत तर नाहीच. परत होल्स्टरमध्ये ठेवताना घाई कशाचीच नसते. सदऱ्याचं टोक किंवा दोरी ट्रिगरजवळ आत जात नाही ना हे बघत, सावकाश ठेवायचं.

दुसरी गोष्ट सफाईची. हे पिस्तूल उघडायला आधी ट्रिगर दाबावाच लागतो. त्यामुळे माझा क्रम कधीच बदलत नाही. गोळ्या दुसऱ्या खोलीत. मॅगझीन बाहेर. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या पोकळीत, डोळ्यानं बघायचं आणि मग करंगळीचं टोक घालून चाचपायचं. मॅगझीन काढलं तरी चेंबरमधली गोळी तिथेच असते, आणि जगात कितीतरी अपघात फक्त एवढ्यामुळे झालेत. मग सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर, स्लाइड साधारण 3 मिलिमीटर मागे, दोन्ही बाजूंची बारीक कळ खाली, आणि स्लाइड पुढे निघून येते. पुढचं काम सोपं: नळीतून ब्रश, कोरडं फडकं, ठरलेल्या जागी तेलाचा एकेक थेंब. तेल जास्त झालं की काजळी चिकटते.

ठेवण्याची जागा हा माझ्या मते पिस्तूल निवडण्याइतकाच मोठा निर्णय आहे. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टनं पक्की केलेली छोटी तिजोरी घ्या. मला यांत्रिक बटणांची बरी वाटली, कारण बॅटरी संपायची भानगड नाही आणि अंधारातही बोटं बटणं शोधतात. उशीखाली आणि कपाटातल्या साड्यांमागे ठेवलेलं पिस्तूल मुलांना सापडतंच. घरात कुणी खोल निराशेतून जात असेल, तर आत्ता पिस्तूल घेऊ नका. घरात असेल तर ते काही काळ घराबाहेर, कायद्यात बसेल अशा ठिकाणी हलवा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या 2 कोटी 60 लाख प्रौढांच्या नोंदी तपासल्या होत्या. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळपास 8 पट आढळलं, आणि बायकांत 35 पट. चोराची भीती घालून पिस्तूल विकणारे ही बाजू कधी बोलत नाहीत, म्हणून मी बोलते आहे.

आणि एक हातातली चांगली टॉर्च घ्या, पिस्तुलाला न जोडलेली. नुसती नळीखाली लावलेली टॉर्च असली की अंधारात काय आहे हे बघण्यासाठी माणूस पिस्तूलच रोखतो, आणि समोर पाणी प्यायला उठलेला घरचा माणूस असतो. मजबूत दार, टॉर्च आणि फोन यांनी बहुतेक प्रसंग पिस्तुलापर्यंत येतच नाहीत.

हे पिस्तूल सगळ्यांसाठी नाही. सांधेदुखीनं बोटांत जोर उरला नसेल तर सोप्या स्लाइडची पिस्तुलं बघा. स्मिथ अँड वेसननं 2018 मध्ये .380 काडतुसाचं शील्ड ईझी खास त्यासाठीच काढलं. आणि धक्क्याची भीती जात नसेल तर सुरुवात .22 या छोट्या, कमी धक्क्याच्या काडतुसानं करा. ग्लॉक 44 हे जवळजवळ 19 च्याच आकाराचं .22 पिस्तूल आहे, त्यामुळे पकड आणि ट्रिगरची सवय तीच राहते आणि गोळ्याही स्वस्त पडतात. मी पुढच्या टप्प्यात तेच घेणार आहे. दुसरं लहान पिस्तूल, लेझर आणि रंगीत मुठी यांचा नंबर त्यानंतर.